चेहऱ्यावरचा विश्वास, कागदावरचा विश्वास

नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि खातेदारांना पाच हजार रुपयांपलीकडे रक्कम काढता येईना. वर्षभराने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, बँकेचा परवानाच रद्द झाला. पुरेसे भांडवल नाही आणि पुढे कमाई होण्याची चिन्हे नाहीत, असे कारण रिझर्व्ह बँकेने दिले. सुमारे ७९ टक्के ठेवीदार ठेव विम्यातून पूर्ण रक्कम मिळण्यास पात्र आहेत, असेही सांगितले. हा विमा पाच लाखांपर्यंतचा. ज्यांची ठेव त्याहून मोठी होती, त्यांना वरच्या रकमेसाठी अवसायकाच्या दाराशी थांबावे लागते. आमच्या भागात पाच लाखांवर ठेव असलेला माणूस श्रीमंतच असतो असे नाही. निवृत्तीची रक्कम एकदम हातात आलेला शिक्षक असतो, रस्त्यासाठी जमीन गेलेला शेतकरी असतो.

अशा प्रकरणात दोष कुणाचा, हे ठरवायला तपासयंत्रणा आणि न्यायालये आहेत. मला त्याच्या आधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. पैसे ठेवताना आपण नेमके काय पाहतो? शाखा घराजवळ आहे का, संचालक मंडळात ओळखीचे कोण आहे, व्याज इतरांपेक्षा अर्धा-एक टक्का जास्त आहे का, हे पाहतो. पिग्मीवाला रोज दुकानात येतो, त्याच्या घरच्या लग्नाला आपण जेवून आलेलो असतो. बँकेचा आणि पतसंस्थेचा वार्षिक अहवाल छापला जातो, सभासदांना वाटला जातो, आमसभेत ‘मंजूर, मंजूर’ म्हणून हात वर होतात. थकीत कर्जे किती आणि त्यांच्यासाठी तरतूद किती, हे त्याच अहवालात असते. ते पान उघडून प्रश्न विचारणारा सभासद क्वचितच भेटतो.

चेहरा पाहून ठेवलेला विश्वास मी कमी लेखत नाही. महाराष्ट्रातली सहकारी चळवळ त्याच विश्वासावर उभी राहिली. सावकाराच्या वहीतून शेतकऱ्याला बाहेर काढायला एकमेकांना ओळखणारी माणसेच एकत्र आली. पण विश्वासाचा हा आधार आता सरकू लागला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशभरात एसआयपीमार्फत, म्हणजे दरमहा ठरावीक हप्ता भरून, म्युच्युअल फंडांत गेलेली रक्कम पहिल्यांदाच महिन्याला २५ हजार कोटी रुपयांच्या पुढे गेली. फेब्रुवारी २०२५ पासून तर महिना २५० रुपयांची एसआयपीही सुरू झाली. म्हणजे हा व्यवहार आता पुण्या-मुंबईच्या पगारदारापुरता राहिलेला नाही. वणीच्या कोळसा खाणीतला कामगार, पुसदचा दुकानदार, दारव्ह्याची अंगणवाडी सेविका, वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गात शेत गेलेला कळंबचा शेतकरी, या सगळ्यांच्या मोबाईलपर्यंत तो येऊन ठेपला आहे. फंडाचा व्यवस्थापक मुंबईत बसतो. त्याला आपण कधी भेटणार नाही, त्याच्या घरच्या लग्नाला जाणार नाही. आपल्या हाती त्याचा एकच पुरावा असतो, तो म्हणजे कायद्याने त्याला जाहीर करायला लावलेला कागद.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. यवतमाळसारख्या जिल्ह्यात गुंतवणुकीचा विश्वास चेहऱ्यावरून कागदावर जात आहे, आणि कागद वाचण्याची सोय मात्र समाजाने अजून उभी केलेली नाही. ती उभी करणे हे सेबीचे, म्हणजे भांडवल बाजाराच्या नियामक संस्थेचे, काम आहे, फंड कंपन्यांचे आहे, आणि तितकेच आपलेही आहे.

कागद दाखवलाच नाही तर काय होते, हे आपल्या मध्यमवर्गाने एकदा भोगले आहे. युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाची यूएस-६४ ही योजना १९६४ साली सुरू झाली. सरकारचे नाव पाठीशी होते, लाभांश वेळेवर येत होता, आणि दोन पिढ्यांनी ती मुदत ठेवीसारखी वापरली. परंतु युनिटमागे प्रत्यक्षात किती मालमत्ता आहे, म्हणजे ज्याला आज आपण एनएव्ही म्हणतो, तो आकडा जाहीर होत नव्हता. खरेदीचा आणि विक्रीचा भाव ट्रस्ट स्वतःच ठरवत असे. जुलै २००१ मध्ये ट्रस्टने युनिटांची विक्री आणि परतखरेदी सहा महिन्यांसाठी थांबवली. मागची मालमत्ता जाहीर भावापेक्षा बरीच कमी आहे, हे त्यानंतर लोकांना कळले. छोट्या युनिटधारकांसाठी सरकारला धावावे लागले आणि पुढे ट्रस्टचे दोन भाग करावे लागले. या लोकांनी विश्वास ठेवला ही त्यांची चूक नव्हती. त्यांना पडताळून पाहण्याचे साधनच दिलेले नव्हते.

आज ते साधन आहे, आणि त्याचे मोल आपण ओळखले पाहिजे. १९९६ साली सेबीने म्युच्युअल फंडांसाठी सविस्तर नियम केले आणि नंतर ते वेळोवेळी कडक होत गेले. प्रत्येक योजनेची एनएव्ही कामकाजाच्या प्रत्येक दिवशी अ‍ॅम्फी, म्हणजे फंडांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर येते. कोणत्या कंपनीचे किती शेअर किंवा किती रोखे घेतले आहेत, याची संपूर्ण यादी महिना संपल्यावर दहा दिवसांत जाहीर करावी लागते. कर्जरोख्यांच्या योजनांना ती दर पंधरवड्याला द्यावी लागते. योजनेतून खर्चापोटी किती टक्के कापले जातात, हे रोज सांगावे लागते. जोखीम दाखवणारे रिस्कोमीटर ‘कमी’पासून ‘अति उच्च’पर्यंत सहा पायऱ्यांचे आहे आणि ते दर महिन्याला तपासले जाते. हे सगळे पाहायला पैसे लागत नाहीत, अर्ज करावा लागत नाही, कुणाची ओळख लागत नाही. सावकाराच्या वहीत डोकावता आले नाही म्हणून पिढ्या बुडालेल्या प्रदेशात ही सोय लहान नाही.

पण कागद जाहीर झाला म्हणजे वाचला गेला असे होत नाही. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटन म्युच्युअल फंडाने कर्जरोख्यांच्या सहा योजना गुंडाळत असल्याचे जाहीर केले. सुमारे २५ हजार कोटी रुपये एका रात्रीत अडकले. त्यातल्या काही योजनांच्या नावात अल्प मुदतीचा उल्लेख होता, आणि अशा नावावरून सामान्य माणूस एकच अर्थ घेतो की पैसे सुरक्षित आहेत आणि हवे तेव्हा मिळतील. प्रत्यक्षात या योजनांनी कमी पतमानांकनाच्या कंपन्यांचे रोखे मोठ्या प्रमाणात घेतले होते. जास्त व्याज तिथूनच येत होते. हे लपवलेले नव्हते. दर महिन्याच्या यादीत प्रत्येक रोख्यापुढे त्याचे मानांकन छापलेले होते. पुढच्या काही वर्षांत गुंतवणूकदारांचे पैसे टप्प्याटप्प्याने परत आले, तरी मधल्या काळात ज्याला मुलीची फी भरायची होती किंवा दवाखान्याचे बिल द्यायचे होते, त्याच्यासाठी ते पैसे नसल्यासारखेच होते. यूएस-६४ मध्ये कागद नव्हता. इथे कागद होता, तो उघडून पाहण्याची सवय नव्हती. दोन दशकांत सुधारणा निम्मीच झाली, असा याचा अर्थ आहे.

ईटीएफच्या बाबतीत हा मुद्दा आणखी टोकदार होतो. ईटीएफ म्हणजे शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड. सोन्याचा ईटीएफ भारतात २००७ साली आला. दागिन्यांची घडणावळ नको, घरात चोरीची भीती नको, म्हणून आता तालुक्याच्या गावातली तरुण मुलेही मोबाईलवर सोन्या-चांदीचे ईटीएफ घेतात. या व्यवहारात दोन भाव असतात. एक, बाजारात युनिट ज्या भावाने विकले जात आहे तो. दुसरा, युनिटमागे खरोखर असलेल्या धातूची किंमत, जी दिवसभर सूचक एनएव्ही म्हणून दाखवली जाते. हे दोन आकडे एरवी जवळजवळ असतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, देशात चांदीची टंचाई झाली आणि चांदीचे ईटीएफ मागच्या चांदीच्या किमतीपेक्षा लक्षणीय चढ्या भावाने विकले जाऊ लागले. चांदीच्या ईटीएफमध्ये पैसे गुंतवणाऱ्या काही योजनांनी तर नव्या एकरकमी गुंतवणुकी घेणेच तात्पुरते थांबवले. त्या दिवसांत ज्याने फक्त बाजारातला भाव पाहून बटण दाबले, त्याने चांदीसोबत घाईचीही किंमत मोजली. ज्याने शेजारचा दुसरा आकडा पाहिला, तो थांबला. हा आकडा पाहायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. तो असतो आणि तो कुठे दिसतो, एवढे माहीत असावे लागते.

खर्चाचेही तसेच. म्युच्युअल फंडाची प्रत्येक योजना दोन प्रकारे मिळते. मध्यस्थामार्फत घेतली तर त्याचे कमिशन खर्चात धरलेले असते. थेट घेतली, जी सोय जानेवारी २०१३ पासून आहे, तर ते नसते. समजा एखाद्याने महिना ५,००० रुपये २० वर्षे भरले. वर्षाला १२ टक्के वाढ धरली तर सुमारे ५० लाख रुपये होतात. खर्चापोटी त्यातला एक टक्का गेला आणि वाढ ११ टक्के राहिली, तर सुमारे ४३ लाख ७० हजार. बाजार अशीच वाढ देईल याची हमी कुणीच देऊ शकत नाही, हा फक्त गुणाकार आहे. पण एक टक्का दिसायला किती लहान आणि वीस वर्षांत किती मोठा, हे त्यातून कळते. चांगला मध्यस्थ बाजार पडल्यावर माणसाला घाबरून पैसे काढू देत नाही, वारसाची नोंद करून घेतो, कागदपत्रे पूर्ण करतो. त्याचे मोल आहे आणि ते त्याला मिळालेच पाहिजे. मात्र देणाऱ्याला आपण किती देत आहोत हे ठाऊक असावे. सहामाहीला येणाऱ्या एकत्रित खाते विवरणात मध्यस्थाला दिलेल्या कमिशनचा आकडा छापलेला असतो. किती घरांत तो वाचला जातो?

इथे एक आक्षेप हमखास येतो. आमच्या शेतकऱ्याला, मजुराला हे आकडे काय कळणार? मला हा आक्षेप अपमानास्पद वाटतो. कापूस खरेदी केंद्रावर उभा राहिलेला पांढरकवड्याचा किंवा घाटंजीचा शेतकरी बघा. बोंडातला ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भावात कपात आणि १२ टक्क्यांवर गेला की माल परत, हे त्याला तोंडपाठ असते. धाग्याची लांबी, प्रत, काट्यावरची तूट, हमीभाव आणि व्यापाऱ्याचा भाव यांतला फरक, सगळे तो उभ्या उभ्या जोखतो. सातबाऱ्यावरचा इतर हक्काचा रकाना त्याला वाचता येतो. ज्या कागदावर आपले पोट अवलंबून आहे तो कागद हा माणूस वाचायला शिकतो. फंडांचे कागद तो वाचत नाही, कारण ते त्याच्या भाषेत नाहीत, त्याच्या गावात येत नाहीत, आणि ते वाचले पाहिजेत असे त्याला कुणी गांभीर्याने सांगितलेले नाही. जाहिरातीच्या शेवटी श्वास न घेता म्हटलेले वाक्य म्हणजे सांगणे नव्हे.

दुसरा आक्षेप असा की सेबी आहे ना, तिने पाहिलेले आहे, आपण कशाला पाहायचे? योजनेच्या माहिती दस्तऐवजातच याचे उत्तर असते. सेबीने या युनिटांना मान्यता दिलेली नाही, त्यांची शिफारस केलेली नाही, आणि मजकुराच्या अचूकतेची ग्वाहीही दिलेली नाही, असे तिथे स्पष्ट लिहिलेले असते. नियामक संस्था सांगते की मी यांना बोलायला लावले आहे, ऐकायचे काम तुमचे. फंडाची रचना तशी भक्कम आहे. पैसे विश्वस्त संस्थेच्या नावाने असतात, रोखे आणि शेअर वेगळ्या अभिरक्षकाकडे असतात, त्यामुळे फंड कंपनी अडचणीत आली म्हणून आपली मालमत्ता तिच्या देण्यात जात नाही. पण बाजाराची जोखीम संपूर्णपणे आपली, आणि तिथे पाच लाखांचा विमाही नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे देशाला ठाऊक झालेल्या जिल्ह्यात म्युच्युअल फंडाच्या कागदांची चर्चा करणे हे दुखण्याच्या जागेवरून नजर हटवणे नाही का? मला तसे वाटत नाही. कमाई कमी असलेल्या माणसाची बचत बुडणे हे श्रीमंताची बचत बुडण्यापेक्षा कितीतरी मोठे संकट असते. दामदुप्पट देतो म्हणणाऱ्या कंपन्या नेमक्या अशाच गावांत फिरतात. शेळ्या आणि जनावरांच्या नावाने पैसे गोळा करणाऱ्या पुण्याच्या समृद्ध जीवन कंपनीला सेबीने २०१३ मध्ये रोखले, जमिनीच्या नावाने देशभर पैसे गोळा करणाऱ्या पीएसीएलला २०१४ मध्ये. तोवर कोट्यवधी लोकांचे पैसे गेलेले होते. ज्याला खऱ्या योजनेचा कागद कसा असतो हे माहीत आहे, त्यालाच खोटी योजना ओळखता येते. ज्याच्याकडे कागदच नाही, नोंदणी क्रमांक नाही, रोजचा भाव नाही आणि तोंडी ‘खात्रीशीर’ परतावा आहे, त्याला पहिल्याच भेटीत दारातून परत पाठवता येते. ही सवय लागलेला माणूस उद्या पतसंस्थेच्या आमसभेतही थकबाकीचे पान उघडेल. कागद वाचण्याची सवय एका दाराशी थांबत नाही.

मग ही सोय उभी कशी करायची? महाराष्ट्राच्या इतिहासातच याचे धागे आहेत. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले, सुप्यापासून सुरुवात झाली, आणि गावोगाव कर्जखते जाळली गेली. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. कर्जदाराला पावती द्यावी, वर्षाचा हिशेब द्यावा, मागितल्यास पासबुक द्यावे, आणि दस्त गावच्या निबंधकासमोर लिहावा, असे त्यात सांगितले होते. तो कायदा दख्खनच्या जिल्ह्यांसाठी होता आणि त्याने सावकारी संपली नाही. पण त्यामागची समजूत योग्य होती. नुसता कागद देऊन भागत नाही, तो समजून घेण्याची जागा गावाजवळ लागते.

आपल्याकडे चावडी वाचनाची रीत आहे. गावाच्या जमिनीच्या नोंदी तलाठ्याने चावडीवर मोठ्याने वाचायच्या, ज्याची नोंद चुकली त्याने तिथेच हरकत सांगायची. २०१७ साली सातबारा संगणकावर नेताना राज्यात याच मार्गाने हजारो गावांत नोंदी पडताळल्या गेल्या. माझी मागणी आहे की बचतीच्या कागदांचेही असे चावडी वाचन व्हावे. यवतमाळ जिल्ह्याच्या १६ तालुक्यांत प्रत्येक ठिकाणी तीन महिन्यांतून एकदा, वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात, जिल्ह्यात जास्तीत जास्त विकल्या जाणाऱ्या योजनांचे कागद मराठीत मोठ्याने वाचले जावेत. वाचणारे कोण? वाणिज्य शाखेचे विद्यार्थी आहेत, निवृत्त बँक कर्मचारी आहेत. आणि बचत गटांतल्या बाया आहेत, ज्यांच्याकडे ही शिस्त आधीपासून आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे ही गटाची पंचसूत्री. दर बैठकीत हिशेब सगळ्यांसमोर वाचला जातो आणि न समजलेले विचारायला कुणी लाजत नाही. गुंतवणूक शिक्षणाचे याहून चांगले विद्यालय जिल्ह्यात दुसरे नाही.

वाचायचे तरी काय? पाच गोष्टी पुरेत. योजना विकणाऱ्याचा अ‍ॅम्फी नोंदणी क्रमांक खरा आहे का? पैसे नेमके कोणत्या कंपन्यांत आणि कोणत्या मानांकनाच्या रोख्यांत आहेत? रिस्कोमीटर कुठल्या पायरीवर आहे आणि वर्षभरात ती पायरी बदलली का? खर्चाचे प्रमाण किती आणि थेट योजनेत ते किती? ईटीएफ असेल तर बाजारभाव आणि सूचक एनएव्ही यांत अंतर किती, आणि ज्या निर्देशांकामागे तो धावतो त्याच्यापेक्षा परतावा किती मागे पडला? या पाच प्रश्नांनी नफ्याची हमी मिळत नाही, बाजार पडायचा तेव्हा पडतोच. पण आपण कशात पैसे घातले हे न कळता बुडण्याची नामुष्की टळते.

आता पैशांचा प्रश्न. २०१२ साली सेबीने असे ठरवले की फंडांनी आपल्या मालमत्तेतून दर दहा हजार रुपयांमागे वर्षाला किमान दोन रुपये गुंतवणूकदार शिक्षणासाठी बाजूला काढावेत. पुढे निर्देशांकावर चालणाऱ्या योजनांसाठी हे प्रमाण कमी केले. मार्च २०२५ मध्ये फंडांकडची एकूण मालमत्ता ६५ लाख कोटींच्या वर होती. त्या हिशेबाने शिक्षणाची रक्कम वर्षाला हजार कोटींच्या घरात जाते. हे पैसे गुंतवणूकदारांच्याच खिशातले आहेत. दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातींनी लोकांना दारापर्यंत आणले, आता त्यांना घर दाखवण्याची वेळ आली आहे. प्रत्येक योजनेचे दोन पानी मुख्य माहितीपत्रक मराठीत असावे, त्याला इंग्रजी दस्तऐवजाइतकेच कायदेशीर वजन असावे, आणि खर्च, जोखीम, पोर्टफोलिओ यांतला बदल गुंतवणूकदाराला त्याच्या भाषेत कळवला जावा. फंडांबद्दलची सोपी माहिती मराठीत मिळते, पण ज्या दस्तऐवजावर वाद झाल्यास बोट ठेवायचे तो बहुधा इंग्रजीतच असतो. ज्याच्या २५० रुपयांवर फंड कंपनीला आपले शुल्क मिळते, त्याच्या भाषेत आपला हिशेब सांगणे हे तिचे कर्तव्य मानले पाहिजे.

ही मागणी खासदारांकडे, सेबीकडे, अ‍ॅम्फीकडे लेखी गेली पाहिजे, आणि ती यवतमाळसारख्या जिल्ह्यातून गेली तर तिला वजन येईल. पण त्यासाठी थांबून राहू नये. ज्याच्या घरात एक जरी एसआयपी चालू आहे, त्याने या महिन्यात त्या योजनेची यादी उघडावी, न समजलेल्या ओळीवर खूण करावी आणि ती खूण घेऊन मध्यस्थाला विचारावे. उत्तर मिळाले तर विश्वास वाढेल. मिळाले नाही, तर पैसे कुठे ठेवू नयेत एवढे तरी नक्की कळेल.